मुंबईतली थंडी, खिडकीतले छोटे पक्षी आणि माझा फसलेला फीडर

तिसरा_मजला | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिवाळीत फोर्टातून एक सेकंडहँड क्रॉप सेन्सरची (म्हणजे जरा छोट्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी आणि ७०-३०० मिमी झूम लेन्स घेतली. घरी "आता याचं काय करणार" हे आलंच, त्यावर मी छाती ठोकून "पक्षी" असं सांगून बसलो. कारण यूट्यूबवर ते अमेरिकेतले, इंग्लंडातले लोक बघायचो ना, बाहेर बर्फ, अंगणात फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे ठेवायचं भांडं, टांगलेला, बाजूला एक शेवाळलेली काटकी, आणि हा माणूस कॉफी पीत खिडकीत बसलाय, एक लालभडक पक्षी येतो, काटकीवर टेकतो, मागे सगळं पांढरं, खटॅक. मला वाटलं यात काय एवढं, आपल्याकडे बर्फ नाही पण खिडकी आहे, काटकी आहे, चहा तर आहेच.

मुलुंड पूर्व, तिसरा मजला. किचनच्या खिडकीला बॉक्स ग्रिल, समोर कंपाउंडच्या भिंतीला लागून शेवगा, सध्या फुलावर आहे, आणि त्याच्यामागे शेजारच्या सोसायटीचा आंबा. पक्षी आहेत हो, सकाळी नुसता कालवा असतो. तर ऑनलाइन फीडर मागवला, पारदर्शक नळकांडं असतं तसला, त्यात बाजरी, राळे, थोडं सूर्यफूल भरलं आणि ग्रिलला टांगला.

पहिल्या दिवशी दोन कबुतरं. दुसऱ्या दिवशी पाच. रविवारी मोजली तर चौदा, त्यातली दोन नळकांड्याला लोंबकळून ते घुसळत होती आणि बाकीची सांडलेलं टिपायला एसीच्या डब्यावर. सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, हातात उशीचा वाळत घातलेला अभ्रा. काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्यासमोर उलगडून धरला. फीडर आता माळ्यावर आहे.

एकूण कमाई म्हणाल तर कबुतरांचे ३४० फोटो आणि शिंजीर नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचा एक, म्हणजे त्याच्या शेपटीचा, आणि ती शेपटी आहे की शेवग्याचं पान यावर घरात दुमत आहे.

तर प्रश्न असा की मुंबईत, बिल्डिंगमध्ये राहून, कबुतरं न जमवता या चिमुकल्या पक्ष्यांना जवळ आणायचं कसं, आणि आले तर या लेन्समध्ये फोटो कसा काढायचा. कोणी केलंय का हे?

चहाबाज | १४ डिसेंबर, रात्री १०:५१

शेपटी आहे की पान, मी पानाच्या बाजूने.

बाकी दाणे बंद केलेत ते उत्तम. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, आणि कबुतरांना खायला घातलं की ५०० रुपये दंड, तो वेगळाच. आणि गंमत सोडा, माझ्या सासऱ्यांच्या फुप्फुसांना त्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने त्रास झालाय, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की खिडकीत कबुतरं बसतात का. मुंबईत दाण्याचा फीडर म्हणजे कबुतरखान्याची शाखा उघडणं, त्याला सूर्यफूल घाला नाहीतर केशर घाला.

गोडबोले_नाही | १४ डिसेंबर, रात्री ११:०५

वाचतेय. मलाही हवंय हे.

बाल्कनीतली_बाई | १५ डिसेंबर, सकाळी ८:१२

तिसरा_मजला, तुमचं गणितच उलटं आहे, रागावू नका. बर्फाच्या देशात थंडीत खायला मिळत नाही म्हणून पक्षी दाण्याला येतात. आपल्याकडे थंडीत खाण्याची चंगळ असते, शेवगा फुललाय, आंब्यावर बांडगूळ असेल तर विचारूच नका. आणि तुम्हाला हवेत ते पक्षी दाणे खातच नाहीत मुळी! शिंजीर मध आणि कोळी-किडे, शिंपी किडे, चष्मेवाला किडे-मध-फळं, दयाळ किडे. दाणे खाणार कोण, तर चिमण्या आणि मुनिया, आणि त्या यायच्या आत कबुतरं हजर.

आपल्याकडे कमी असतं ते पाणी. पावसाळा संपला की जमिनीवर डबकं दिसत नाही. तेव्हा पाणी ठेवा. माझं आठ वर्षांचं आहे, सांगते कसं ते.

कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट ताटली घ्या, चकचकीत प्लास्टिक किंवा स्टील नको, पाय घसरतात त्यांचे. पाणी एक ते दीड इंच, बस्स. मध्ये एकदोन खडबडीत दगड, असे की त्यांचा माथा पाण्यावर राहील, शिंपी आधी दगडावर उतरतो, पाय बुडवून बघतो, मग छाती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी हललं पाहिजे. साठलेलं पाणी त्यांना पटकन कळत नाही, पडणारा थेंब कळतो. मी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली, वर ग्रिलला बाटली उलटी टांगली, नळीचं ते चाक फिरवून सेकंदाला एक थेंब ठेवला. पहिल्या थेंबाचा आवाज आणि पहिला बुलबुल यात चाळीस मिनिटं गेली होती, मी मोजलीयेत.

पाणी रोज बदलायचं, ताटली काथ्याने घासायची, साबण नको. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे रोज पाणी बदललंत तर डास होत नाहीत, आणि पालिकेची माणसं कुंड्या बघायला आली की तुम्ही ताठ मानेने दार उघडू शकता.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. शिंजीर ताटलीत सहसा उतरत नाही. त्याला ओलं पान लागतं. माझ्याकडे कर्दळ आहे, सकाळी पानांवर फवारा मारते, पानाच्या घडीत पाणी साठतं आणि तो पठ्ठ्या त्या पानावरून घसरगुंडी करतो, पोट घासत खाली येतो, परत उडून वर जातो, परत घसरतो. एवढा जीव, अंगठ्याएवढा, आणि तोऱ्यात असा की जणू बंगल्यातला टब आहे.

निवांत_नाना | १५ डिसेंबर, सकाळी ९:३०

बाई, घसरगुंडी! अगदी अगदी. मी बोरीवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला राहतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, माझ्याकडे निकॉनचा पी९०० आहे, ८३ पट झूमवाला. लोक हसतात त्याला, पण मांडीवर ठेवून चहा पिता येतो. त्यात रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेला मूळ फोटो, मिळत नाही एवढंच, नंतरच्या पी९५० मध्ये मिळते.

बांडगुळाबद्दल थोडं. आंब्यावर ते गुच्छ दिसले की मालक म्हणतो कापा, झाडाचं रक्त पितं. खरंही आहे ते. पण शिंजीर त्याच्या फुलांत चोच घालतो आणि फुलटोच्या त्याची फळं खातो. फुलटोच्या म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात चिमुकला पक्षी, आठ सेंटिमीटर, रंग म्हणाल तर मातकट, फोटोत कोणी वा म्हणणार नाही. पण त्याला फळ खाताना बघा. बी इतकी चिकट असते की ती सहजासहजी सुटत नाही, मग तो फांदीवर आडवा बसतो आणि बूड घासून ती फांदीला चिकटवतो, तिथेच नवं बांडगूळ उगवतं. आयत्या घरात घरोबा म्हणतात तो हा.

तेव्हा तिसरा_मजला, शेजारच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर तोच तुमचा फीडर. आपल्याला पैसे पडत नाहीत आणि काकूंच्या अभ्र्यालाही धोका नाही.

फोर्टातला | १५ डिसेंबर, दुपारी १:४४

फोटोबद्दल मी लिहितो, वीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतोय, काढण्यापेक्षा उघडलेत जास्त.

आधी अंतर. ३०० ला, म्हणजे पूर्ण झूम करून, क्रॉप बॉडीवर तीन मीटरवरून साधारण २३ सेंटिमीटर रुंदीची जागा फ्रेममध्ये येते. शिंजीर किंवा चष्मेवाला शेपटीसकट दहा सेंटिमीटर, म्हणजे निम्मी फ्रेम भरली, अजून काय पाहिजे? लोकांना वाटतं ६०० ची लेन्स हवी. नको. ६०० वाल्यांची अडचण वेगळीच असते, त्यातल्या कित्येक लेन्स दोन-अडीच मीटरच्या आत फोकसच घेत नाहीत, बॉक्स ग्रिलमधल्या पक्ष्यासाठी त्यांना हॉलमध्ये जाऊन सोफ्याच्या मागे उभं राहावं लागेल. ७०-३०० बहुतेक एक ते दीड मीटरपासून घेते. घरच्या घरी हीच बरी.

पण त्या अंतरावर एफ ५.६ ला (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडं) फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणजे डोळा धारदार आणि शेपूट मऊ, हे होणारच, होऊ द्या. फोकस डोळ्यावर. डोळा गेला की फोटो गेला, पिसन् पीस दिसलं तरी.

शटर, म्हणजे फोटो सेकंदाच्या कितव्या भागात टिपायचा ते. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरेल असं वाटतं, पण हे छोटे पक्षी बसतात कुठे हो, मान सारखी टकटक. १/१००० च्या खाली येऊ नका. आंघोळीतले थेंब गोठवायचे तर १/२०००, थेंबांच्या रेषा हव्या असतील तर मुद्दाम १/२५० ला जाऊन बघा, दहातला एक जमतो पण तो एक भिंतीवर लावण्यासारखा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर टाका, कमाल ३२००. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

आता ग्रिल. सळई पक्ष्याच्या जवळ असेल तर फोटोत दिसते, लेन्सच्या तोंडाशी असेल तर विरघळून जाते. म्हणून लेन्स ग्रिलला जवळजवळ टेकवा, ॲपर्चर पूर्ण उघडं, सळई फोटोत दिसणारच नाही, जरासा कॉन्ट्रास्ट कमी होईल. मच्छरदाणीची जाळी मात्र सरकवाच, ती विरघळत नाही, सगळ्या फोटोवर दुधासारखी साय येते. काच बंद ठेवायची असेल तर हूड (लेन्सच्या तोंडावरची गोल कड) काचेला चिकटवून, किचनचा दिवा बंद. आणि काच पुसा. आतून पुसतात सगळे, बाहेरून कोणी पुसत नाही.

तिसरा_मजला | १५ डिसेंबर, रात्री ९:१५

बाई, नाना, फोर्टातला, दंडवत. ताटली आणली, सलाईनची नळी मेडिकलवाल्याने "कोण आजारी आहे?" असं विचारून दिली, पक्ष्यांसाठी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते जाऊ दे. काटकी कुठे लावायची ते सांगा. ताटलीतच बसलेला फोटो मातीच्या भांड्यासकट येतो, तो जरा डायनिंग टेबलसारखा दिसतो.

फोर्टातला | १५ डिसेंबर, रात्री ९:५८

बरोबर. भांड्याचा फोटो काढायचाच नाही. छोटा पक्षी थेट पाण्यावर झेपावत नाही, आधी जवळ कुठेतरी बसतो, इकडेतिकडे बघतो, शिक्रा वगैरे शिकारी पक्षी नाही ना याची खात्री करतो, मग उतरतो. ती बसायची जागा तुम्ही द्या. ताटलीपासून दीड-दोन फुटांवर, जरा वर, एकच काटकी, आणि आसपास दुसरं टेकायला काही नको. कॅमेरा आधीच काटकीवर फोकस करून ठेवा.

काटकी पेन्सिलीपेक्षा बारीक घ्या. शिंपी आरामात बसतो, कबुतराचा पाय त्यावर स्थिरावत नाही, दोनदा घसरलं की येणं सोडतं. काटकीच्या मागे जे काही असेल ते निदान दहा-बारा फूट लांब हवं, म्हणजे त्याचा नुसता हिरवा रंग उरेल. तुमच्याकडे शेवगा मागे आहे, फुलं आहेत, म्हणजे हिरव्यात पांढरट ठिपके, नशीबवान आहात. माझ्यामागे समोरच्या बिल्डिंगचा पिवळा पाइप येतो.

मिनेसोटाकर | १६ डिसेंबर, पहाटे ५:०२

गिरगावात वाढलो, गेली अठरा वर्षं इथे अमेरिकेत, मिनेसोटात. आत्ता बाहेर उणे एकोणीस आहे आणि मुंबईत १८ ला कानटोपी बाहेर काढणाऱ्यांनो, तुम्हाला साष्टांग.

तिसरा_मजला बघतात ते यूट्यूब माझ्या मागच्या अंगणात रोज चालू असतं, म्हणून तिकडची बाजू सांगतो. इथे दाण्याला खरंच अर्थ आहे. काळं सूर्यफूल, त्यात तेल जास्त, आणि सूएट म्हणजे गुरांची चरबी, जाळीच्या पिंजऱ्यात ठोकळा टांगतात. चिकडी म्हणून एक पक्षी आहे, लिंबाएवढा, काळी टोपी, रात्री स्वतःच्या शरीराचं तापमान दहाएक अंशांनी उतरवून घेतो, नाहीतर सकाळपर्यंत साठवलेली चरबी पुरत नाही. पहाटे फीडरवर पहिला तोच. एक दाणा उचलतो, तिथे खात नाही, ठरलेल्या काटकीवर नेऊन पायाच्या पंजात धरून फोडतो. म्हणून आमच्याकडेही फोटो काटकीचाच, फीडरचा नाही. फोर्टातले म्हणतात ते जगात सगळीकडे खरं दिसतंय. लाल कार्डिनल मात्र छळतो, अगदी उजाडताना आणि अगदी मावळताना येतो, उजेड नसताना.

खिडकी उघडून फोटो काढायचा म्हटलं तर घरातली गरम हवा बाहेर पडते आणि तिच्यातून सगळं थरथरतं, शेगडीवरून बघितल्यासारखं, फोकस परफेक्ट आणि फोटो उकडलेला. खोली आधी अर्धा तास गार करावी लागते, त्यावरून घरात जे होतं ते तुमच्या काकूंच्या अभ्र्यासारखंच. बर्फात कॅमेरा पांढरं बघून फोटो काळवंडतो, उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायला लागतो.

आणि हे पुण्यकर्म आहे असंही समजू नका. १९९४ पासून इथल्या हाउस फिंचमध्ये डोळ्यांचा रोग पसरला, डोळे सुजून बंद होतात, एकाच फीडरच्या भोकात सगळे तोंड घालतात म्हणून पसरतो. पंधरा दिवसांनी फीडर धुतलाच पाहिजे. काचेवर आपटून मरतात ते वेगळे, म्हणून फीडर एकतर खिडकीच्या तीन फुटांच्या आत ठेवायचा नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे, मधलं अंतर सगळ्यात वाईट, तिथून उडालेला पक्षी पूर्ण वेगात काचेवर येतो. आणि वसंतात अस्वलं उठली की फीडर घरात. कबुतरं बरी म्हणाल.

चहाबाज | १६ डिसेंबर, सकाळी ७:४०

अस्वल ग्रिलला लोंबकळतंय आणि काकू अभ्रा घेऊन वर येतायत.

नेमबाज_नवा | १६ डिसेंबर, सकाळी ११:२०

एवढं कशाला, मोबाइलवर पक्ष्यांच्या आवाजाचं ॲप घ्या, शिंप्याचा आवाज लावा, दोन मिनिटांत समोर येऊन बसतो. मी आरेला असेच फोटो काढतो. शिंजीराला साखरेचं पाणी पण ठेवता येतं, अमेरिकेत ठेवतात हमिंगबर्डला.

बाल्कनीतली_बाई | १६ डिसेंबर, सकाळी ११:५८

नको हो असलं काही सांगू इथे, नवीन लोक वाचतायत. तो आवाज ऐकून जो येतो तो फोटो काढून घ्यायला येत नाही, माझ्या जागेत कोण घुसलं म्हणून भांडायला येतो. पिसं फुगवून, चोच उघडून, शत्रू शोधत फिरतो आणि शत्रू म्हणजे तुमचा मोबाइल. थंडीत सुद्धा माशीमारासारखे पाहुणे आपापला इलाका धरून असतात. दिवसभर खायचं सोडून भांडत बसला तर त्याचं पोट कोण भरणार.

आणि साखरेचं पाणी, हमिंगबर्ड वेगळा, शिंजीर वेगळा. मुंबईच्या उन्हात ते पाणी दुपारपर्यंत आंबतं, मुंग्या येतात, बुरशी येते. जास्वंद लावा, हमेलिया लावा, मधुमालती ग्रिलवर चढवा, मध आपोआप ताजा मिळतो.

नेमबाज_नवा | १६ डिसेंबर, दुपारी १२:१०

फक्त एकदाच लावतो हो, सारखं नाही.

निवांत_नाना | १६ डिसेंबर, दुपारी १२:३२

एकदाच लावणारे रोज किती येतात ते मोजा. नॅशनल पार्कात एका वळणावर एक स्वर्गीय नर्तक यायचा, लांब पांढऱ्या शेपटीचा नर. बातमी फुटली. रविवारी तिथे सतरा कॅमेरे होते आणि प्रत्येकाने "एकदाच" लावला. पुढच्या आठवड्यात तो तिथे नव्हता. मांडव्याच्या बोटीवर कुरव पक्ष्यांना (सीगलना) शेव-गाठिया फेकणारेही असंच म्हणतात, एकच पाकीट.

चिडून नाही लिहीत, मी पण तरुणपणी लावलाय, कॅसेटवर.

नेमबाज_नवा | १६ डिसेंबर, दुपारी ३:०४

बरं नाना. ॲप ठेवतो ओळखण्यापुरतं.

मास्तर_माहीमचे | १७ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

अवांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून. पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत असतो तो, मुलांना घेऊन महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेलो होतो. मुलांना सांगितलं की इथे पूर्वी शहराचा कचरा टाकायचे, तर एकही पोरगं विश्वास ठेवेना. तिथे एक शिंजीर बघितला, पोट पिवळं, वर मातकट, पण गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद रेघ, टाय घातल्यासारखी. मादी म्हणावी तर रेघ कसली, नर म्हणावा तर जांभळा कुठाय. पुस्तकात तिसराच कोणीतरी असेल म्हणून शोधतोय.

निवांत_नाना | १७ डिसेंबर, संध्याकाळी ७:०१

मास्तर, तो नरच, जांभळा शिंजीर, पण घरच्या कपड्यातला. वीण संपली की तो ते चकचकीत निळं-जांभळं उतरवतो आणि मादीसारखा होतो, फक्त ती टायसारखी रेघ ठेवतो. जानेवारी-फेब्रुवारीकडे अंगावर एकेक गडद ठिपका उगवायला लागतो, तेव्हा ठिगळं लावल्यासारखा दिसतो बिचारा, आणि उन्हाळ्याला पुन्हा नवरदेव. आपल्या बाल्कनीतला दुसरा, पांढरट-पिवळ्या पोटाचा आणि पाठीवर जांभळी झाक असलेला, तो मात्र बारा महिने तसाच. मुलांना सांगा, डायरीत तारखेसकट लिहून ठेवा, फेब्रुवारीत परत न्या.

फोर्टातला | १७ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

रच्याकने (बाय द वे), याच्यावरून आठवलं. शिंजीराची ती चमक रंगद्रव्याची नाही, पिसाच्या बारीक रचनेवरून उजेड परततो त्याची आहे. उजेड तुमच्या पाठीमागून त्याच्यावर पडला तर जांभळा पेटतो, बाजूने पडला तर कोळसा. म्हणून लोक म्हणतात फोटोत काळा आला. दयाळाचं उलट, काळ्या अंगामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरं पोट जळून जातं, दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा.

तिसरा_मजला | ६ जानेवारी, रात्री ११:३०

धागा वर आणतोय, अहवाल द्यायचाय.

ताटली, नळी, काटकी सगळं लावलं आणि पहिले नऊ दिवस कोणीही आलं नाही. एक कावळा आला, त्याने पावाचा तुकडा पाण्यात बुडवून खाल्ला आणि तुकडे तिथेच टाकून गेला. मी रोज सकाळी सात ते आठ कॅमेरा घेऊन बसायचो, सूर्य सव्वासातला उगवतो पण आमच्या दोन बिल्डिंगमधल्या फटीत ऊन पोचायला पावणेनऊ होतात, तोवर मला लोकल पकडायची असते. निराश होऊन हे सगळं काढणार होतो. तर आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी भांडी घासताना सहज म्हणाल्या, "अहो ते तुम्ही गेल्यावर येतात की. दोनच्या सुमारास. सात-आठ जणं, पिवळी पिवळी, डोळ्याला चुना लावल्यासारखा." चष्मेवाले! मावशींनी इतकं अचूक वर्णन केलं की मी पुस्तकात बघायच्या आधी ओळखलं. म्हणजे इतके दिवस पक्षी येत होते आणि मी मात्र मोकळ्या काटकीवर फोकस लावून बसलो होतो.

शनिवारी बसलो. दीड वाजता किचनचा दिवा बंद, मी स्टुलावर, लेन्स ग्रिलला टेकवलेली. १:५० ला शेवग्यात बारीक कुजबुज सुरू झाली, ते सतत एकमेकांशी बोलत असतात, हळू आवाजात, "आहेस ना, आहे, आहेस ना" असं. मग एक काटकीवर. मग त्याला ढकलून दुसरा. काटकी एवढीशी, तिच्यावर पाच जण दाटीवाटीने, सगळ्यांची तोंडं ताटलीकडे, आणि पहिला कोण उतरणार यावर चाललंय. एवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. सगळे भुर्र. मी पण स्टुलावरून जवळजवळ.

दहा मिनिटांनी परत आले. मग मात्र मी बोट उचललं नाही.

प्रचि (प्रकाशचित्र) १: पाच जण काटकीवर, फोकस तिसऱ्यावर, बाकीचे मऊ. (१/१०००, एफ ५.६, आयएसओ १६००)
प्रचि २: आंघोळ, १/२५०, पाण्याच्या रेषा, डोकं कुठाय ते विचारू नका.
प्रचि ३: ओला झालेला एक, पिसं चिकटून अर्धा झालेला, अगदी परीक्षेत नापास झाल्यासारखा.

एक अडचण मात्र नवीन आली. समोरच्या विंगमधले एक गृहस्थ खाली गेटवर भेटले, जरा चढ्या आवाजात म्हणाले की तुम्ही तो मोठा कॅमेरा आमच्या खिडकीकडे लावून बसता रोज. मला घामच फुटला. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं, खरं सांगतो. तिथेच कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे फोटो दाखवले, मोकळ्या काटकीचे दोनशे त्यात होते, ते बघून त्यांचा राग गेला आणि कीव आली असावी. आता काटकी खाली घेतलीय, म्हणजे लेन्स खाली शेवग्याकडे तोंड करून राहते, समोरच्या खिडक्या फ्रेममध्ये येतच नाहीत. पाठीमागचा हिरवाही जास्त चांगला मिळतोय त्यामुळे.

गोडबोले_नाही | ६ जानेवारी, रात्री ११:४८

प्रचि ३!!! वॉलपेपर केला, परवानगी न विचारता.

बाल्कनीतली_बाई | ७ जानेवारी, सकाळी ८:०५

मावशींना कॅमेरा द्या एक दिवस, मी गंभीरपणे म्हणतेय. खूप छान. आणि लेन्सचा प्रश्न शहरात येतोच, माझ्याकडे एकदा वॉचमन चौकशीला आला होता.

फोर्टातला | ७ जानेवारी, दुपारी १:१०

प्रचि १ मध्ये काटकीच्या टोकाला पिवळी दोरी दिसतेय, ती सोडली तर खणखणीत. काटकी दोरीने बांधू नका, वाऱ्याने हलते. सुतार वापरतात तो छोटा जी-क्लॅम्प आणा, ग्रिलला आवळा.

तिसरा_मजला | ७ जानेवारी, रात्री १०:०२

आणला. ऐंशी रुपये. हार्डवेअरवाल्याने विचारलं कशाला, मी म्हटलं कपाट दुरुस्त करायचंय.

ठाणे_वेस्ट | ९ जानेवारी, सकाळी १०:१५

छान धागा, नुसता चाळला. मला पण छोट्या पक्ष्यांचे फोटो काढायचेत, दाण्यांचा फीडर कोणता चांगला? लिंक द्या प्लीज.

चहाबाज | ९ जानेवारी, सकाळी १०:१७

तिसरा_मजला यांच्या माळ्यावर एक आहे. जवळजवळ नवीन.